जटपुऱ्याचा सिंह आणि लहान हत्ती

छकुलीची आई: सर्वांना नमस्कार. छकुलीच्या चौथीच्या वर्गाला चित्रकलेत जिल्ह्याच्या शहरातील एखादी जुनी वास्तू तयार करायला सांगितली असून तिने चंद्रपूरचा परकोट निवडला आहे. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चारही दरवाजे चपलांच्या खोक्यांतून कापून झाले आहेत. जटपुऱ्यावरचे शिल्प तिने मातीचे केले आहे. फोटो पाठवते, सर्वांनी मत द्यावे.

धाकटे काका: काम सुरेख आहे, परंतु सिंहाखाली हत्ती मांजराएवढा दिसतो. माती ओली आहे तोवर मोठा करून घ्यावा.

आबाजी: हत्तीला कोणीही हात लावू नये. गोंड राजांच्या त्या चिन्हात सिंह मोठा आणि हत्ती लहानच असतो. कोर्टाच्या तारखांना जाताना मी ते इतक्या वेळा पाहिले आहे की, निकाल विसरलो, पण शिल्प विसरलो नाही. चूक सिंहात आहे. तिने त्याला तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलासारखे चार ताठ पाय दिले आहेत. त्याने हत्तीला दाबून धरले आहे, हे पंजावरून कळले पाहिजे.

मोठी आई: आणि भिंत अशी वेडीवाकडी का? पुठ्ठा ओला झाला काय?

छकुलीची आई: नाही, ती मुद्दाम तशी केली आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाहाच्या शिकारी कुत्र्यामागे ससाच उलटून लागला आणि तो ज्या वाटेने धावला त्या वाटेने कोट आखला गेला, ही आबाजींची गोष्ट ऐकून तिने आधी पेन्सिलने सशाची धाव काढली आणि मग त्या रेघेवर भिंत उभी केली.

धाकटे काका: मग चिठ्ठीवर ‘दंतकथा’ असे स्पष्ट लिहावे, नाहीतर गुरुजी इतिहास समजून विचारत बसतील. हत्तीबाबत मी माघार घेतो.

आबाजी: कोटाला दरवाजांखेरीज पाच खिडक्या, म्हणजे लहान दरवाजेही आहेत. बगड, हनुमान, विठोबा, मसाण आणि चोर. त्या फोटोत कुठे दिसत नाहीत.

छकुलीची आई: त्या राहूनच गेल्या. आज रात्री कापते. इरई आणि झरपट या नद्यांसाठी निळा कागदही संपला आहे. काका, बाजारातून येताना दोन ताव आणावेत. सिंहाचा पुढचा पाय तिने आताच मोडून पुन्हा वळायला घेतला आहे.