मदत हवी आहे : रेडिएटरचा पंखा सुरू होत नाही, दोष वायरिंगचा की ईसीयूचा (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचा)?

माझ्या पेट्रोल गाडीचा रेडिएटरचा पंखा इंजिन तापल्यावर किंवा एसी लावल्यावरही सुरू होत नाही. फ्यूज शाबूत आहे, कूलंट पुरेसे आहे, रिले (पंख्याचा विद्युत-चालित स्विच) बदलून पाहिला आहे, आणि बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट दिल्यास मोटर व्यवस्थित फिरते. इग्निशन चालू ठेवून रिलेची ८५ क्रमांकाची पिन अर्थ केली (म्हणजे बॅटरीच्या ऋण बाजूला जोडली), की ‘टक्’ असा आवाज होऊन पंखा लगेच फिरतो. म्हणजे ईसीयूकडून मिळायला हवी ती अर्थच पोहोचत नसावी. तापमान सेन्सरचा कनेक्टर काढूनही फरक पडला नाही. मेकॅनिक थेट ईसीयू बदलायला सांगतो, जे मला घाईचे वाटते. माझ्याकडे मल्टिमीटर आहे, पण स्कॅनर किंवा वायरिंगचा नकाशा नाही. अशा स्थितीत रिले आणि ईसीयू यांच्या मधली वायर तुटली आहे की ईसीयूचे आउटपुटच गेले आहे, हे ईसीयू न उघडता खात्रीने कसे ओळखावे?