मनगटावरचं बीपी, माळ्यावरचं मशीन

डिचोलीकर:
परवा एकानं इथं लिहिलं, 'घड्याळ घेतलं, दंडाचं मशीन माळ्यावर टाकलं. बीपी हातातच दिसतं, डॉक्टरची पायरी नको.' वाचून डोकं फिरलं. अहो, ते घड्याळ बीपी मोजतच नाही! कातडीत उजेड सोडून रक्ताची लाट कशी येते ते बघतं आणि अंदाज बांधतं. तोही दंडाला बांधायच्या फुगणाऱ्या पट्ट्याच्या जिवावर. सॅमसंगचं घड्याळ दर 28 दिवसांनी पट्ट्याच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं. जुळवायला काय माळ्यावर चढणार? युरोपच्या हायपरटेन्शन सोसायटीनं 2022 सालीच सांगितलंय, बिनपट्ट्याच्या यंत्रांवर निदान करू नका.

मिरामारकाठ:
तो 'एकानं' म्हणजे मी. नाव घ्यायला लाज वाटली का? दवाखान्यात माझं 160, घरी 124. त्या 160 वर दोन वर्षं गोळी खाल्ली, शेवटी कदंबा बसमधून उतरताना भोवळ येऊन गुडघा फोडून घेतला. तेव्हा तुमचा पट्टा कुठं होता? आणि सगळी घड्याळं एका माळेत ओवू नका. ओमरॉनच्या घड्याळाच्या पट्ट्यातच फुगा आहे, तो खराच फुगतो.

निवृत्त सिस्टर:
भांडा सावकाश. डॉक्टरचा पांढरा कोट बघून बीपी चढतं, ती धास्ती खरी असते. त्यासाठी 24 तासांचं मशीन बांधतात, पण ते रात्रीही अर्ध्या तासाला दंड आवळतं. किती जणांनी मध्यरात्री काढून उशाशी ठेवलेलं मी पाहिलंय. झोपेत बीपी उतरतं की नाही हे न आवळता कळलं तर हवंच आहे. पण हात हृदयाच्या 10 सेंटिमीटर खाली गेला तरी आकडा सात-आठनं चढतो, आणि मनगट काय एका जागी राहतं? ॲपलनं 2025 मध्ये घड्याळात बीपीसाठी जे आणलं ते तर आकडाच देत नाही, 30 दिवसांच्या नोंदी बघून नुसतं सावध करतं. मला तो प्रामाणिकपणा वाटतो.

सत्तरीचो:
मोजायचंच तर मीठ मोजा! मे महिन्यात पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीचे, खारे बांगडे भरायचे, पावसात पेजेबरोबर रोज ओरपायचे, आणि वर घड्याळाला विचारायचं बीपी का चढलं.

मिरामारकाठ:
आमची आजी 91 वर्षं पेज आणि खारं खाऊन जगली.

सत्तरीचो:
ती दिवसभर शेतात वाकायची. तुमच्या दारात पावसुद्धा पोदेर सायकल मारत आणून देतो. घाम त्याचा.

मिरामारकाठ:
पोदेराला मध्ये आणू नका.

डिचोलीकर:
खाऱ्या बांगड्याला पण नको. धुऊन, भिजत घालून भाजला तर मीठ बरंच उतरतं.

सत्तरीचो:
भिजवलेला खारा बांगडा म्हणजे ओला कागद. डिचोलीत खात असतील.

निवृत्त सिस्टर:
जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे चहाचा एक चमचाही भरून नाही, अख्ख्या दिवसाचं. लोणचं, पापड, पाव धरून. आता तरी घड्याळाकडे वळा.

मिरामारकाठ:
घ्या, काढलं मशीन माळ्यावरून. जुने सेल गळून हिरवे झाले होते, नवे घातले. घड्याळ 131, मशीन 148. झालं समाधान?

डिचोलीकर:
पाच मिनिटं गप्प बसून मोजलं का?

मिरामारकाठ:
नाही. तुमचं वाचत वाचत मोजलं.