ओपन सोर्समध्ये मर्जचा हक्क एकाच माणसाकडे का ठेवायचा?

ठाणे_लोकल: आम्ही आठ जण मिळून मराठी शुद्धलेखन तपासायचं एक ओपन सोर्स (ज्याचा कोड कोणीही बघू आणि बदलू शकतो असं) टूल चालवतो, पण मर्ज करायचा, म्हणजे सुचवलेला बदल मूळ कोडमध्ये घ्यायचा हक्क ज्याने ते सुरू केलं त्या एकाकडेच. माणूस सोन्यासारखा आहे पण नोकरी अंधेरीला, घर बदलापूरला, घरात तान्हं बाळ, आणि पीआर, म्हणजे आमचे सुचवलेले बदल, तीन तीन महिने पडून. माझाच बघा, 'दऱ्या' मधला अर्धा र युनिकोडात दोन प्रकारे टाइप होतो, एकात झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह असतं, ते टूल साफसफाईत काढून टाकतं आणि शब्द 'दर्या' होतो, म्हणजे डोंगरातली दरी थेट समुद्रात! चार ओळींचा फिक्स. वाट बघून कॉलेजची दोन चांगली पोरं निघून गेली याचं मला खरंच वाईट वाटतं. तिघांना तरी हक्क द्या. पायथन एवढी मोठी प्रोग्रामिंग भाषा, 2018 मध्ये ती बनवणाऱ्या गुइडोने सूत्रं सोडली आणि 2019 पासून निवडून आलेले पाच जण निर्णय घेतात, काही अडलं का?

पवईकर: अजिबात पटलं नाही. एक्सझेड विसरलात का, फाइली लहान करायच्या त्या टूलचं 2024 चं प्रकरण? तिथेही एकटा थकलेला मेंटेनर (कोड सांभाळणारा) होता, लोक मागे लागले की दुसरा कोणीतरी आण, मग 'जिया टॅन' नावाने साधारण वर्षभर नीट पॅच (दुरुस्त्या) पाठवणाऱ्याला हक्क मिळाले आणि त्यानेच 2024 च्या 5.6.0 आवृत्तीत बॅकडोर, म्हणजे गुपचूप आत शिरायची चोरवाट घातली. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएचने (दूरच्या कॉम्प्युटरवर) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं म्हणून सापडलं. घाईने किल्ल्या वाटू नका.

ठाणे_लोकल: अहो पण एकटा होता म्हणूनच तर तो दबावाखाली आला ना! आणि मी अनोळखी माणसाला द्या म्हणतच नाहीये. डेबियन या लिनक्स प्रकल्पात नव्या डेव्हलपरची डिजिटल की (ओळखीची किल्ली) आधीच्या डेव्हलपरने साइन केलेली लागते, ही सही लोक एकमेकांना भेटून, ओळखपत्र बघून करतात. आम्ही सगळे तर मुंबईतलेच, दादरला भेटायला कितीसा वेळ लागतो.

गिरगावची_मी: मला वाटतं फोर्क करा, म्हणजे कोडची प्रत घेऊन वेगळं टूल काढा, आणि मोकळे व्हा, ओपनऑफिसमधून 2010 मध्ये लिबरऑफिस निघालंच की.

पवईकर: ताई, त्यांच्यामागे मोठी टीम होती. आठातले चार इकडे चार तिकडे झाले तर दोन्ही टूल मरतील. नोड या जावास्क्रिप्टच्या प्रकल्पातून आयओजेएस फुटलं 2014 ला आणि 2015 ला परत एकत्र आलं, ते उगाच नाही.

वसईवाला: सरसकट हक्क का देताय पण? लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) शेवटचा शब्द तो सुरू करणाऱ्या लिनसचा असला तरी प्रत्येक भागाला वेगळा मेंटेनर आहे, कोण कशाला जबाबदार ते मेंटेनर्स फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तुमच्याकडे शब्दयादी भाषेच्या माणसाकडे द्या, इंजिन (तपासणीचा मुख्य कोड) आणि रिलीज (नवी आवृत्ती काढणं) टूल सुरू करणाऱ्याकडेच राहू दे, आणि स्वतःचा पीआर स्वतः मर्ज करायचा नाही, मग तो मूळ मालक का असेना.

पवईकर: शब्दयादीपुरतं मला चालेल, तिथे बॅकडोर घालायला काही नाही. पण रिलीजच्या किल्ल्या वर्षभर तरी नकोत.

ठाणे_लोकल: वर्ष फार होतं हो, सहा महिने म्हणा. आणि 'दऱ्या'चा फिक्स शब्दयादीत नाही, इंजिनातच आहे, तो अजून अडकलेलाच. त्याला आजच फोन करते, रविवारी बाळाला घेऊन दादरला ये म्हणून.