'राइट ऑफ' म्हणजे नक्की काय? कर्ज माफ झालं का?

हर्णै_बंदर:
नमस्कार मंडळी, इंग्रजीचा प्रश्न आहे पण घरचा विषय आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. बाबांनी २०१६ ला बोटीच्या इंजिनासाठी आणि जाळ्यांसाठी बँकेतून कर्ज काढलेलं, मी सहकर्जदार. चार वर्षं हप्ते व्यवस्थित गेले, मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, बोट किनाऱ्यावर ओढून ठेवली होती तरी फळ्या फुटल्या, जाळी तर गेलीच, आणि हप्ते थकले ते थकलेच. आता मला टू व्हीलरसाठी लोन हवं होतं म्हणून सिबिल रिपोर्ट (आपण कर्जं कशी फेडली त्याची नोंद) काढला, तर त्यात त्या कर्जासमोर 'रिटन ऑफ' असं लिहिलंय. डिक्शनरीत बघितलं तर 'राइट ऑफ' म्हणजे कर्ज रद्द करणे, सोडून देणे. मी घरी तसंच सांगितलं, आईने देवापुढे साखर ठेवली, बाबा त्या रात्री कितीतरी दिवसांनी नीट जेवले. आणि परवा वसुलीवाल्यांचा फोन, रक्कम भरा म्हणून. मग रद्द काय झालं? डिक्शनरी चुकीची की बँक?

आंबेवाला_पावस:
दादा आमच्याकडे पण बागेच्या कर्जाचं असंच झालं होतं, थांबा, इथे एक बँकेतले काका आहेत ते नीट सांगतील. फोनवर कुणाला काही कबूल करू नका तोवर.

खातेवही:
मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच कोकणातल्या शाखांमध्ये, त्यामुळे हा प्रश्न मला कित्येक वेळा समोर बसून विचारला गेलाय. बाळा, कर्ज माफ झालेलं नाही. 'राइट ऑफ' हे बँकेने स्वतःच्या वहीत केलेलं काम आहे, तुमच्या देण्याचा त्यात निकाल लागत नाही. होतं काय, हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, धरलं जातं (पीककर्जाला नियम वेगळा, तिथे हंगामावर मोजतात). मग बँकेला आपल्या नफ्यातून त्या कर्जासाठी तरतूद बाजूला काढावी लागते, दरवर्षी वाढवत वाढवत, आणि पूर्ण तरतूद झाली, साधारण चार वर्षं उलटली, की ते कर्ज ताळेबंदातून काढून टाकतात. ताळेबंद स्वच्छ दिसतो, करातही फायदा होतो. पण कर्जदाराच्या नावावरचं खातं तसंच उभं असतं. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ ला याबद्दल परिपत्रक काढलं त्यात टेक्निकल राइट ऑफची व्याख्याच दिलीय, की हे फक्त हिशेबापुरतं आहे, कर्जदारावरचा हक्क सोडलेला नाही. मराठीत याला 'निर्लेखन' म्हणतात. शब्द सरकारी आहे पण बरोबर आहे, लेखातून काढणे. माफी हा शब्द त्यात कुठेच नाही.

माफी म्हणजे काय ते आपल्याकडे लोकांना चांगलं माहितीय. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, दीड लाखापर्यंत, मग २०१९ ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना, दोन लाखांपर्यंत. तिथे तुमचं देणं सरकारने बँकेला भरलं, म्हणून तुम्ही सुटलात. राइट ऑफमध्ये बँकेला कुणीच काही भरलेलं नसतं. ओळखायची सोपी खूण सांगतो, जमीन तारण असेल तर सातबारा काढून बघा, इतर हक्कात बँकेचा बोजा तसाच असेल तर देणं जिवंत आहे. बोटीचंही तेच, कागदावर बँकेचं नाव आहे का बघा.

देवगड_मास्तर:
काकांनी व्यवहार सांगितला, मी भाषेचं सांगतो, कारण हर्णैच्या दादांनी डिक्शनरी बघितली ती चुकीची नाही. रोजच्या इंग्रजीत 'राइट ऑफ' म्हणजे आता हे पैसे येत नाहीत असं ठरवून नाद सोडणे, आणि पेपरवालेसुद्धा सरकारी कर्जमाफीला बिनधास्त 'लोन राइट-ऑफ' लिहितात, म्हणून गोंधळ. बँकेचा अर्थ त्याहून अरुंद. आपल्याकडे याला जवळचा शब्द आहे 'बुडीत खाती टाकणे'. वाण्याने उधारी बुडीत खाती टाकली म्हणून तुम्ही दुकानात गेल्यावर तो मागायचा थांबतो का? आमच्या मालवणीत सांगायचं तर, वहीतसून नाव काढल्यानी म्हणान देणा फिटणा नाय.

शब्द जोडून आलाय तर वापरही बघून घ्या. मुलं हमखास चुकतात ती जागा म्हणजे 'इट' कुठे घालायचं. 'राइट ऑफ द लोन' चालतं, 'राइट द लोन ऑफ' पण चालतं, पण सर्वनाम आलं की ते मधेच बसतं, 'राइट इट ऑफ', 'राइट ऑफ इट' कधीच नाही. भूतकाळ 'रोट ऑफ', आणि तुमच्या रिपोर्टवर आहे ते 'रिटन ऑफ'.

माणसांबद्दलही वापरतात आणि तो वापर मला स्वतःला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९८३ च्या वर्ल्ड कपला भारताला सगळ्यांनी 'रिटन ऑफ' केलं होतं, म्हणजे हिशेबातच धरलं नव्हतं, कारण आधीच्या दोन वर्ल्ड कपात मिळून आपण एकच मॅच जिंकलेलो, तीही ईस्ट आफ्रिकेविरुद्ध. मग २५ जूनला लॉर्ड्सवर १८३ करून वेस्ट इंडीजला १४० मध्ये गुंडाळलं. मी वर्गात नववी ड ला हेच उदाहरण देतो, कारण त्या वर्गाला शाळेत येतानाच मोडीत काढलेलं असतं, आणि 'डोन्ट राइट देम ऑफ' हे वाक्य मला फळ्यावर त्यांच्यासमोरच लिहायचं असतं.

चिपळूण_ताई:
मास्तर एक अर्थ राहिला. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमची गाडी दोन दिवस पाण्यात होती, दार उघडलं तर डॅशबोर्डवर गाळाचा थर आणि मागच्या सीटवर कुणाचीतरी चप्पल. सर्व्हेअरने 'टोटल लॉस' लिहिलं. इन्शुरन्समध्ये दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेली गाडीची किंमत) ७५ टक्क्यांच्या वर गेला की तसं धरतात. लंडनचा चुलतभाऊ फोनवर म्हणाला 'सो द कार इज अ राइट-ऑफ', मला वाटलं कंपनीने क्लेम नाकारला, मी तर रडायलाच लागले. तिकडे टोटल लॉसलाच राइट-ऑफ म्हणतात हे नंतर कळलं.

देवगड_मास्तर:
बरोबर ताई, तिथे ते नाम झालं, मधे छोटी रेघ आणि उच्चारात जोर 'राइट'वर. क्रियापद असताना जोर 'ऑफ'वर जातो.

हर्णै_बंदर:
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, रिपोर्टमध्ये 'रिटन ऑफ अमाउंट' दोन ठिकाणी आहे, एक टोटल आणि एक प्रिन्सिपल, फरक मोठा आहे. बाबा म्हणतायत मुद्दल भरतो, फक्त व्याजाचं बघा. बोट पुन्हा पाण्यात आहे आता, नारळी पौर्णिमेनंतर धंदा बरा चाललाय. त्यांना देणं ठेवायचंच नाहीये.

खातेवही:
मग शाखेत जाऊन एकरकमी तडजोडीचा लेखी अर्ज द्या, फोनवाल्यांशी व्यवहार नको, आणि पैसे फक्त कर्जखात्यात, पावती घेऊनच. एक मात्र आधी समजून घ्या, व्याजात सूट घेतलीत तर सिबिलवर 'सेटल्ड' येतं, पूर्ण भरलंत तर 'क्लोज्ड'. पुढे लोन काढायचंय म्हणून 'क्लोज्ड' केव्हाही चांगलं, पण घर चालवून जे झेपेल तेच करा. शेवटी बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं बाकी नाही असा कागद, घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका.

हर्णै_बंदर:
सोमवारी बाबांना घेऊन जातोय. बेबाकी हा शब्द त्यांना माहीत होता, मला नव्हता.