डिप्लोमा मेकॅनिकल झालंय, ऑनलाइन बीटेक करावं का? फोनवाले दोन वर्षात देतो म्हणायलेत

क्वालिटीवाला_वाळूज
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितो, वाचा अन् खरं खरं सांगा. मी वाळूज एमआयडीसीत ऑटो पार्टच्या कंपनीत लाइन इन्स्पेक्टर आहे, डिप्लोमा मेकॅनिकल, वय ३१. मायक्रोमीटर, गेज, कंट्रोल प्लॅन, पीपॅपची (नवीन पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायची) फाइल, कस्टमर ऑडिट सगळं बघतो. नवीन बीई झालेली पोरं येतात, त्यांना रीडिंग कसं घ्यायचं ते मीच शिकवतो अन् वर्षभरात तीच क्वालिटी इंजिनिअर होऊन माझ्यावर बसतात. साहेबाला विचारलं तर म्हणतात तुझं काम चांगलंय पण डिग्री नाही, ग्रेड वर जात नाही.
गाव गंगापूर तालुक्यात, कापूस अन् मका, शेतीचा भरोसा तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळं नोकरी सोडून कॉलेजला बसणं होत नसतंय. आता एका कन्सल्टन्सीचे सारखे फोन यायलेत, ऑनलाइन बीटेक, दोन वर्षात डिग्री, क्लास नाही, म्हणाल तर मागच्या सेशनचं पासिंग दाखवून अजून लवकर देऊ, पैसे हप्त्यानं भरा. इकडं मित्र म्हणतोय बीटेकचा नाद सोड, ऑनलाइन बीसीए कर अन् आयटीत जा. बायको म्हणती आधी कुणाला तरी विचारा मग पैसे भरा. म्हणून विचारायलोय.

शेंद्रा_टूलरूम
भाऊ, वहिनीचं ऐका, एक रुपया भरू नका. यूजीसीच्या म्हणजे विद्यापीठांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय आयोगाच्या २०२० च्या नियमात डिस्टन्स अन् ऑनलाइननं जे कोर्स चालतच नाहीत त्यात इंजिनिअरिंग आहे. मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, लॉ, आर्किटेक्चर, अ‍ॅग्रीकल्चर हे पण त्यातच. म्हणजे तो माणूस जे विकायलाय ते कायद्यानं नाहीच. २०१७ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं काही अभिमत (डीम्ड) विद्यापीठांच्या डिस्टन्सनं दिलेल्या इंजिनिअरिंग डिग्र्यांवर निकाल दिला होता. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांना एआयसीटीईची म्हणजे तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची परीक्षा देऊन डिग्री वाचवायची संधी दिली अन् त्याच्या नंतरच्यांची डिग्री रद्दच केली. त्या डिग्रीवर प्रमोशन घेऊन बसलेल्या माणसांचं काय झालं असेल याचा विचार करा.
अन् मागच्या सेशनचं पासिंग म्हणजे सरळ सरळ बनावट कागद. ज्या तारखेला तुम्ही वाळूजला पंचिंग करत होता त्याच तारखेला दुसऱ्या राज्यात पेपर दिला असं त्यावर असणार. पीएफचा रेकॉर्ड अन् मार्कशीट समोरासमोर ठेवली की संपलं. आहे ती नोकरी पण जाईल अन् पोलिस केस वेगळी.

जुना_फोरमन
पोरा, आमच्या वेळी डिप्लोमावाले एएमआयई म्हणजे इंजिनिअरांच्या संस्थेची परीक्षा द्यायचे. नोकरी करत करत पेपर द्यायचे अन् ती बीईच्या बरोबरीची धरायचे. लई अवघड असायचं पण माणूस पक्का तयार व्हायचा. ते बघ.

शेंद्रा_टूलरूम
काका, तुमच्या वेळचं बरोबर आहे पण आता ती समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच आहे, आता नाव घातलं तर ज्ञान मिळेल पण नोकरीत बीई म्हणून धरणार नाहीत.
नोकरी करता करता खरी बीटेक पाहिजे असेल तर दुसरा रस्ता आहे अन् लई कमी लोकांना माहीतय. एआयसीटीईनं २०२३-२४ पासून काही कॉलेजांना नोकरदारांसाठी वेगळी बॅच चालवायला परवानगी दिलीय. डिप्लोमावाल्याला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, क्लास तुमच्या ड्युटीच्या सोयीनं संध्याकाळी नाहीतर सुट्टीच्या दिवशी. किमान एक वर्षाचा अनुभव लागतो अन् कंपनी कॉलेजपासून ठरावीक अंतराच्या आत पाहिजे. हे ऑनलाइन नाही, प्रत्यक्ष बसावं लागतं, प्रॅक्टिकल करावं लागतं, म्हणून तर त्याला किंमत आहे. फिरत्या शिफ्टमध्ये जड जाईल, पण जनरल किंवा फर्स्ट शिफ्ट मागून बघा, चांगल्या माणसाला कंपनी सोडत नाही.

लातूरची_ताई
दादा, मी बीटेकबद्दल बोलणार नाही, बाकीचं सांगते कारण ते मी स्वतः केलंय. मी एका पतसंस्थेत क्लार्क होते, लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून बीकॉम पूर्ण केलं अन् मग एमकॉम, आज अकाउंटंट आहे. आपल्या भागात अजून लोक म्हणतात मुक्तची डिग्री म्हणजे दुय्यम, आमच्याकडं एका साहेबांनी तोंडावर म्हटलं होतं. मी त्यांच्यासमोर यूजीसीच्या नियमाची प्रिंट ठेवली. मान्यता असलेली डिस्टन्स किंवा ऑनलाइन पदवी ही रेग्युलरच्या बरोबरीची, असं स्पष्ट लिहिलंय त्यात. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं, इग्नू १९८५ चं, काल परवा निघालेली दुकानं नाहीत ही. मुक्तचं विभागीय केंद्र संभाजीनगरला पण आहे अन् नांदेडला पण, स्वतः जाऊन विचारता येतं.
पण ही सोपी डिग्री आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. रात्री भांडी झाली, लेकरं झोपली की ओट्यावरच पुस्तक उघडायचे मी, वरचा बल्ब तेवढा चालू ठेवून. शिकवायला समोर कुणी नसतं त्यामुळं अडलं की अडलंच. असाइनमेंटची तारीख स्वतःच ध्यानात ठेवावी लागते, नाहीतर लेखी पेपर चांगला जाऊन पण निकाल अडकतो.
आणि प्रवेशाआधी हे बघाच. विद्यापीठ मान्यताप्राप्त असणं वेगळं अन् तुमच्या कोर्सला त्याच सेशनसाठी परवानगी असणं वेगळं. ती यादी यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर असते, जानेवारी-फेब्रुवारीची वेगळी अन् जुलै-ऑगस्टची वेगळी. आता प्रवेशाला डेब आयडी म्हणजे त्याच ब्युरोचा नंबर पण लागतो, तो स्वतः काढा, एजंटला ओटीपी देऊ नका. आणि फ्रँचायझीवर सेंटर चालवायला नियमात बंदीच आहे, त्यामुळं फी फक्त विद्यापीठाच्या खात्यात.

एचआर_चिकलठाणा
कंपनीच्या बाजूनं सांगतो. ताई म्हणतात ते नियमानं शंभर टक्के बरोबर, सरकारी नोकरीच्या अर्जाला चालतं. पण खाजगी कंपनी स्वतःचे निकष लावते, काही ठिकाणी जाहिरातीतच फुल टाइम लिहिलेलं असतं. म्हणून आधी तुमच्या एचआरला विचारा की वरच्या ग्रेडला नेमकं काय लागतं, बीई मेकॅनिकलच पाहिजे की कुठलीही पदवी चालते, अन् उत्तर मेलवर घ्या. कारण डिग्री कोणती करायची हे त्या एका उत्तरावर ठरणार, माझ्या डोळ्यासमोर माणसं चांगले पैसे घालून एमबीए करून आलीत अन् त्यांच्या पोस्टला ते लागतच नव्हतं, फार वाईट वाटतं.
हप्त्याचं पण बघा. फी हप्त्यानं म्हणतात तेव्हा पुष्कळदा ते तुमच्या नावावर फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. कोर्स सोडला तरी हप्ता सुरूच अन् सिबिल खराब, मग ट्रॅक्टरचं नाहीतर घराचं लोन अडतं.

नांदेड_डेटा
मित्र आयटी म्हणतोय म्हणून लिहितो. मी आयआयटी मद्रासचं डेटा सायन्सचं ऑनलाइन बीएस करायलोय, २०२० ला सुरू झालंय ते. जेईई नाही, आधी चार आठवड्यांचा अभ्यास अन् मग क्वालिफायर, पास झाला तरच पुढं. व्हिडिओ घरी बघायचे पण परीक्षा सेंटरवर जाऊनच. मधे थांबलात तरी सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा हातात येतो, अन् उत्पन्न कमी असेल तर फीमध्ये चांगली सवलत आहे. पण गणित अन् स्टॅटिस्टिक्स दणकून आहे, नोकरी करून वर्षं लागतात.
माझं मत विचाराल तर तुम्ही फील्ड बदलू नका. तुम्ही रोज एसपीसीचे म्हणजे मापातला चढउतार दाखवणारे चार्ट भरता, सीपीके म्हणजे प्रोसेस मापात किती बसते त्याचा आकडा काढता, स्टॅटिस्टिक्सच आहे की ते. एनपीटीईएल म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर क्वालिटीचे कोर्स बघा, शिकणं फुकट, परीक्षा द्यायची तर फी वेगळी अन् तीही सेंटरवर बसून. डिग्री नाही ती, पण इंटरव्ह्यूत समोरचा आयआयटीच्या प्रोफेसरची परीक्षा म्हणून बघतो.

क्वालिटीवाला_वाळूज
सगळ्यांचे मनापासून आभार, लई मोठं काम केलं तुम्ही. त्या कन्सल्टन्सीचा नंबर ब्लॉक केला, आधारची झेरॉक्स मागायले होते, दिली नव्हती हे बरं झालं. आज सुट्टी झाल्यावर एचआर मॅडमला गाठलं, त्या म्हणाल्या आमच्याकडं क्वालिटी इंजिनिअरला बीई किंवा बीटेकच लागते, नोकरदारांच्या बॅचची चालेल, मेल टाक मी उत्तर देते. फर्स्ट शिफ्टचं पण साहेबांशी बोलतो. तोवर एनपीटीईएलला नाव घालतो. संभाजीनगरात कुठल्या कॉलेजात अशी मेकॅनिकलची बॅच खरंच भरायली हे कुणाला पक्कं माहीत असेल तर सांगा.

शेंद्रा_टूलरूम
ऐकीव सांगत नाही. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन एआयसीटीईचं यंदाचं मंजुरीपत्र दाखवा म्हणा, त्यात नोकरदारांच्या जागा वेगळ्या लिहिलेल्या असतात. सोबत डिप्लोमाच्या मार्कशीट, अनुभवाचा दाखला अन् कंपनीचं ना हरकत पत्र ठेवा. ते पत्र आत्ताच मागून ठेवा, प्रवेशाच्या वेळी सगळ्यात जास्त उशीर त्यालाच होतो.