मदत हवी आहे: वडिलांचा ट्रोडॅट स्कॅन (मेंदूतल्या डोपामिन पेशींची तपासणी) करावा की थांबावं?

वडील ६८ वर्षांचे, आम्ही सोलापूरला. दीड वर्षापासून उजवा हात थरथरतो, तोही मांडीवर निवांत ठेवला की जास्त; कप उचलला की थांबतो. सही इतकी बारीक झालीय की बँकेत परत करायला लावली.

एमआरआय नॉर्मल. नातेवाईक म्हणतात, 'मग पार्किन्सन नाहीच.' पण पार्किन्सनमध्ये साधा एमआरआय बहुधा नॉर्मलच येतो, निदान मुख्यतः लक्षणं तपासून होतं, हे न्यूरोलॉजिस्टनी समजावलंय. गुंता वेगळाच आहे. चक्कर येते म्हणून ते दोन वर्षं सिनारिझिन घेत होते, आणि त्यानेही अशीच लक्षणं येतात. डॉक्टरांनी चार महिन्यांपूर्वी ती गोळी बंद केली; पाय ओढणं कमी झालं, हात तसाच. लेव्होडोपा (पार्किन्सनचं मुख्य औषध) अजून सुरू नाही. थायरॉईड ठीक.

आता ट्रोडॅट सुचवलाय. गोळीचा परिणाम की पार्किन्सन, हे त्यातून बऱ्यापैकी कळतं. पण पार्किन्सन आणि त्याच्यासारखेच दिसणारे पीएसपी, एमएसए हे मेंदूचे आजार त्यातून एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. पुण्याला किंवा हैदराबादला न्यावं लागेल, एवढा प्रवास त्यांना एकदाच झेपेल.

घरच्यांचा हा स्कॅन ज्यांनी केलाय त्यांनी कृपया सांगा: रिपोर्टनंतर उपचार खरंच बदलले का? की गोळी सुटून आणखी काही महिने जाऊ द्यावेत, असं तुम्हालाही सांगितलं होतं?