शेजारी तळघर खणतोय अन् खिळे माझ्या घराखाली, सही का म्हणून द्यायची?

जुना_वाडेकर
विजापूर रोडला आमचं १९८७ चं घर, लोड बेअरिंग म्हणजे सगळा भार भिंतींवर, दगडी पाया जेमतेम ४ फूट खोल. शेजारचा बंगला पाडून तिथं पार्किंगसाठी २० फूट खड्डा घेणारेत, आणि त्याची कड आमच्या भिंतीपासून ५ फुटावर. परवा त्यांचा इंजिनियर कागद घेऊन आला, म्हणे सॉइल नेलिंग करणार, म्हणजे खड्ड्याच्या कडेत आडवी भोकं पाडायची, त्यात सळ्या घालायच्या अन् ग्राउट म्हणजे सिमेंटचं पातळ कालवण भरायचं, आणि त्या सळ्या आमच्या हद्दीत घराखाली १५ फूट येणार तर ना हरकत द्या. माझं मत स्पष्ट आहे, देऊ नये. खड्डा त्याचा, पार्किंग त्याचं अन् खिळे माझ्या जमिनीत कायमचे? शिवाय हे घाटातलं काम, सोलापुरात डोंगर कुठंय? चुकत असेन तर सांगा, पण नीट सांगा.

मुरूमवाला
काका एकदम बरोबर. २२ वर्षं खोदाईच करालोय, आपल्याकडं काळी माती काढली की मुरूम लागतो अन् मुरूम उभा राहतो, त्याला खिळे कशाला? विहिरी बघा की, ४० फूट उभ्या कापलेल्या, आजोबापासून तशाच हायत. बिल वाढवायचे धंदे सगळे.

सळई_सिमेंट
विहिरीचं अर्धंच सांगालाय तुम्ही. विहीर गोल असते, चारी बाजूची माती एकमेकीला रेटून धरते, सरळ लांब कडेला तो आधार नाही. वरचा काळ्या मातीचा भाग जुन्या लोकांनी दगडात बांधून काढलाय, उघडा सोडला नाही, त्यांना कळत होतं. आणि विहिरीच्या काठावर ५ फुटावर कुणी घर बांधतं का?

काका, डोंगर लागतोच असं नाही, उभी कापलेली माती लागते. हे काम पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर झालं ते १९७२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ, रेल्वेमार्ग रुंद करताना, १८ मीटर उंच कटिंग तेही वाळूच्या मातीत. करायचं वरून खाली. ४-५ फूट खणायचं, तेवढ्या पट्ट्यात १०० मिमीची भोकं १५ अंश खाली कलवून पाडायची, २५ मिमीची सळई, ग्राउट, मग जाळी लावून शॉटक्रीट म्हणजे जोरात फवारलेलं काँक्रीट, आणि ते पक्कं झाल्यावरच खालचा टप्पा. पूर्ण २० फूट कड एकदम उघडी कधीच पडत नाही, हाच तर मुद्दा आहे.

मुरूमवाला
अन् काळ्या मातीत तुझा खिळा धरतो का बे? मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा, पाऊस पडला की लोणी.

सळई_सिमेंट
नाही धरत, हे मान्य. फुगणाऱ्या मातीत नेलिंग करू नये असंच शिकवतात. म्हणून वरचा काळा थर उतार देऊन काढायचा नाहीतर भिंत बांधून धरायचा, आणि खिळे खाली मुरमात.

पाटबंधारे_रिटायर्ड
एक गैरसमज इथंच मोडतो, कारण कुणीतरी पुढं म्हणणारच. ग्राउट मारून काळी माती घट्ट होते हे खोटं आहे. सिमेंटचा कण त्या चिकणमातीच्या फटीत शिरतच नाही, दाब दिला तर माती फाडून भलतीकडं जातो. काळ्या मातीला चुना मानवतो. नेलिंगमधलं ग्राउट माती सुधारायला नसतंच, सळई आणि भोकाच्या भिंतीची पकड जुळवायला असतं.

आणि सगळा खेळ त्या पकडीचा. २५ ची सळई तुटायला २४ टनाच्या वर ओढ लागते, पण बऱ्यापैकी मुरमात १०० मिमीच्या भोकाला मीटरमागं ३ टन पकड धरा. म्हणजे सरकणाऱ्या मातीच्या मागं ४ मीटर खिळा असला तरी १२ टनाला तो सुटून येईल, सळई तशीच शाबूत. म्हणून सळईच्या कंपनीचं सर्टिफिकेट दाखवतात ते बाजूला ठेवा अन् काही खिळे ओढून बघितलेत का ते विचारा. ग्राउटची नळी भोकाच्या तळापर्यंत घालून तिथनं भरत यायचं, तोंडातनं ओतलं तर आत हवा राहते. हिशोबही ठेवता येतो, पोत्याला २२-२३ लिटर पाणी धरलं तर ६ मीटरच्या भोकाला सव्वा पोतं पुरतं. तीन पोती खाल्ली तर आत पोकळी आहे, अर्ध्यात भरलं तर फसवाफसवी.

सात_रस्ता_कट्टा
सोलापुरात पाऊस पडतो कुठं, एवढं कशाला घाबरायचं 😄

पाटबंधारे_रिटायर्ड
आपला जास्त पाऊस सप्टेंबरात असतो. लोक जूनला ताडपत्री टाकतात, ऑगस्टला काढतात अन् परतीच्या पावसात कड बसते. पडतोय कमी म्हणून शॉटक्रीटमागं पाणी काढायची सोय कुणी करत नाही, आणि त्यात शेजाऱ्याची गळकी ड्रेनेज लाइन. काका, तुमचा सेफ्टी टँक कुठल्या बाजूला आहे?

जुना_वाडेकर
त्याच बाजूला 😐

सळई_सिमेंट
मग आधी ते बघा. पण पाणी काढलं, खिळे ओढून तपासले तर काम सुरक्षित आहे. खिळा ताणून बसवत नाहीत, माती किंचित हलली की तो आपोआप ओढ घ्यायला लागतो.

रंगभवनचा_बाळू
थांब थांब. माती हलल्याशिवाय खिळा कामच करत नाही, हे तूच बोललास. किती हलणार ते सांग की.

सळई_सिमेंट
साधारण उंचीच्या हजारात १ ते ३ भाग. ६ मीटरला ६ ते १८ मिमी, तेही वरच्या कडेला. नॉर्मल आहे.

रंगभवनचा_बाळू
तुझ्या आरसीसी बिल्डिंगला नॉर्मल असेल. काकांचं दगडाचं घर, ४ फूट पाया, त्याची एक बाजू १५ मिमी गेली तर दारं लागायची बंद होतील. मी स्ट्रक्चरलमध्येच आहे, नेलिंगच्या विरोधात नाही, रस्त्याच्या बाजूला खुशाल करा. पण जुन्या घराच्या बाजूला हद्दीला लागून पाईल्सची, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांची रांग टाकावी, ती कमी वाकते आणि सगळी त्याच्याच जागेत बसते. मग ते का नको? कारण पाईल अन् भिंत मिळून त्याची दोन-अडीच फूट जागा खातात, एक गाडीची रांग जाते. म्हणून खिळे काकांच्या घराखाली. हे कागदावर लिहिलेलं नसतं.

सळई_सिमेंट
जागेचं खरंय, नाकारत नाही. पण पाईल खाली काळ्या पाषाणाला टेकला की छिन्नी चालते, त्या हादऱ्यानं दगडी घराला तडे जातात ते कोण भरणार? छोट्या ड्रिलचे मायक्रोपाईल केले तर जमेल, खर्च वाढेल. आणि 'कायमचे खिळे' म्हणताय, तळघराची भिंत अन् स्लॅब झाले की खिळ्यांचं काम संपतं. पुढं काकांना स्वतःला तळघर घ्यायचं असेल तर ब्रेकरनं सहज तुटणाऱ्या फायबरच्या सळ्या मागा, मिळतात.

मुरूमवाला
एवढं सगळं करण्यापेक्षा तळघरच कमी खणा म्हणावं की, २० फूट कशाला लागतंय.

जुना_वाडेकर
सगळ्यांचं वाचलं, मुलाला वाचून दाखवलं. सही अजून केलेली नाही. इंजिनियरला तीन गोष्टी लिहून दिल्यात: आमच्या बाजूला मायक्रोपाईलचा पर्याय हिशोबासकट दाखवा, खोदाईआधी आमच्या भिंतींचे फोटो काढून जुन्या तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवा, म्हणजे तडा वाढला की पट्टी फुटून कळेल, आणि सप्टेंबर संपल्याशिवाय आमच्या बाजूला पोकलेन लावू नका. तिसऱ्यावर त्यांचं तोंड पडलं. उत्तर आलं की इथंच टाकतो. तोवर आमचा सेफ्टी टँक दुसऱ्या बाजूला हलवायचाय. मुरूमवाले, एवढी खोदाई येऊन कराल का?